पुनर्वसन : एका शब्दाचा गावापासून देहापर्यंतचा प्रवास

मराठवाड्यात 'पुनर्वसन' हा शब्द उच्चारला की प्रथम गाव आठवते. पैठण येथे गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली, १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि नाथसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील माणसे दुसरीकडे वसवली गेली. त्याच धरणाचा उजवा कालवा आमच्या गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो. त्यामुळे उठलेल्या गावांच्या गोष्टी आमच्याकडच्या प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकलेल्या असतात. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला आणि बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी हलवावी लागली. नवी घरे मजबूत होती, रस्ते सरळ होते. परंतु जुनी गल्ली, ओसरी आणि हाकेच्या अंतरावरचा शेजार त्या आखीव चौकोनांत नव्हता. घर मिळणे आणि घरात वसणे यांत अंतर असते, ही गोष्ट मराठवाड्याने दोनदा अनुभवली आहे.

हा शब्द आता रुग्णालयांच्या फलकांवरही दिसतो : कर्करुग्णांचे पुनर्वसन. प्रस्तुत लेखात आम्हांला या शब्दाच्या दुसऱ्या आयुष्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. कर्करोगाच्या उपचारांचा इतिहास बहुधा शस्त्रक्रिया, किरणोत्सर्ग आणि औषधे यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. गाठ काढली, रुग्ण घरी गेला, येथे तो इतिहास थांबतो. रुग्णाच्या दृष्टीने मात्र खरी गोष्ट तेथून सुरू होते.

साहित्याच्या अभ्यासकांनी प्रारंभी भाषेकडे पाहणे योग्य ठरेल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'अर्बुद' या नावाने गाठींचे वर्णन येते. ग्रीक वैद्यांनी पसरणाऱ्या गाठीला खेकड्याची उपमा दिली, लॅटिनने ती उचलली आणि आपण तिचा 'कर्करोग' केला. म्हणजे हे नाव मुळातच एक रूपक आहे, आणि तेही पकडीचे. त्याच्या जोडीला आपण दुसरे रूपक आणले, युद्धाचे. रोगाशी 'झुंज' द्यावयाची, त्याच्यावर 'मात' करावयाची. शोकसंदेशांत तर ही झुंज 'अपयशी' ठरते. गेलेल्या माणसावर पराभवाचाही शिक्का बसतो. या भाषेत फक्त जय आणि पराजय आहेत. उपचार संपल्यानंतर हात वर जात नाही, घास गिळत नाही, झोप लागत नाही, अशा माणसासाठी तिच्यात जागाच नाही. 'पुनर्वसन' हा शब्द ती जागा देतो, म्हणून तो महत्त्वाचा.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्यामागे एक खाजगी दुःख होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावे असलेल्या विश्वस्तनिधीने हे रुग्णालय उभे केले. १९६२ मध्ये त्याचे प्रशासन अणुऊर्जा विभागाकडे आले. ज्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचा रस्ता आज परळला या रुग्णालयाजवळून जातो, ते मूळचे गोव्याचे शल्यविशारद १९६९ मध्ये स्वतः कर्करोगानेच गेले.

त्या काळची शस्त्रक्रिया कठोर होती. अमेरिकेतील हाल्स्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील गाठीही काढल्या जात. ही पद्धत जगभर कित्येक दशके चालली. कमी शस्त्रक्रियेनेही तितकाच जीव वाचतो, हे १९८० च्या दशकात मोठ्या चाचण्यांनी निःसंशय दाखवले. दरम्यानच्या काळात ज्या स्त्रिया वाचल्या, त्यांना सुजलेला हात आणि बदललेली छाती घेऊन जगावे लागले. टेरेसे लासर या शस्त्रक्रिया झालेल्या अमेरिकन स्त्रीने १९५२ मध्ये एक साधी गोष्ट सुरू केली. आपण या अनुभवातून गेलेल्या बाईने नव्या रुग्णबाईला भेटावयाचे, हाताचे व्यायाम दाखवावयाचे, कपड्यांबद्दल बोलावयाचे. १९६९ मध्ये हर्बर्ट डीट्झ या डॉक्टरांनी कर्करुग्णांच्या पुनर्वसनाची चार उद्दिष्टे मांडली : अपंगत्व टाळणे, गेलेली क्षमता परत आणणे, जी परत येणार नाही तिच्याशिवाय जगावयास आधार देणे आणि बरे होणे शक्य नसेल तेथे त्रास हलका करणे. या मांडणीत कोणत्याही अवस्थेतील रुग्ण 'उपचारांबाहेरचा' राहत नाही.

आपल्याकडे हे काम प्रथम रुग्णालयाच्या भिंतींबाहेर उभे राहिले. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. तिच्या परळच्या पुनर्वसन केंद्राने रुग्णांच्या हाताला काम देण्याचा मार्ग धरला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही तोच मार्ग चालवला. शिवणकाम आणि हस्तकला यांना कोणी 'उपचारपद्धती' म्हणणार नाही. परंतु जो माणूस महिनोन्‌महिने केवळ 'पेशंट' म्हणून ओळखला गेला, त्याच्या हातून विकण्याजोगी वस्तू तयार होते, तेव्हा त्याची ओळख बदलते.

येथे धर्मशाळांचाही उल्लेख केला पाहिजे. परळला उपचार घेणारा मराठवाड्यातील माणूस राहणार कोठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि १९६८ पासून काम करणारी नाना पालकर स्मृती समिती यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. परक्या शहरात जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर शेजारचा रुग्ण 'मलाही असेच झाले होते' असे म्हणतो. लासर बाईंनी योजून घडवून आणलेली भेट येथे आपोआप घडते. वैद्यकाच्या इतिहासात धर्मशाळांना पान मिळत नाही, ते मिळावयास हवे.

आता 'पूरक' या विशेषणाविषयी. पूरक उपचार म्हणजे मूळ उपचारांसोबत घेतलेले. पर्यायी म्हणजे त्यांच्या जागी घेतलेले. दोहोंमधील ही रेषा मराठी बोलण्यात फार सहज पुसली जाते आणि त्याची किंमत जीवाने मोजावी लागते. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आढळला. गाठ विरघळवणारे चूर्ण विकणारा आणि उपचारांच्या जोडीला प्राणायाम शिकवणारा यांना एकाच पंक्तीत बसवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

रेषा स्पष्ट केल्यावर पूरक उपचार काय करू शकतात, हे मोकळेपणाने सांगता येते. काखेतील गाठी काढल्यावर हाताला येणारी सूज नियमित व्यायाम, विशिष्ट मालीश आणि पट्टी यांनी आटोक्यात ठेवता येते. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार झाले की जबडा आखडतो. मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरावयाच्या आणि दिवसागणिक एकेक वाढवावयाची, असा व्यायाम दिला जातो. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला अन्ननलिकेतील हवेने किंवा छोट्या झडपेच्या साहाय्याने बोलावयास शिकवता येते. ज्यांचे पोट आवाजावर आहे अशा शिक्षक, कीर्तनकार वा भाजीविक्रेत्यासाठी हे दुसरे अक्षरज्ञानच होय. योगासने आणि ध्यान यांनी चिंता व थकवा हलका होतो, संगीतानेही चिंता कमी होते, यास आज संशोधनाचा आधार आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत या उपायांचा समावेश झालेला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेत नेले, ते याच भूमीत. योगाचा दावा तपासून पाहावा, ही त्यांची वृत्ती आज अधिक उपयोगी आहे. योग गाठ नाहीशी करीत नाही. उपचार सोसणाऱ्या देहाला तो थोडी उसंत देतो. ही उसंत थोडी असली तरी क्षुल्लक नाही.

बरे होण्याची आशा संपल्यावर काय, हा प्रश्न आपल्याकडे उशिरा विचारला गेला. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे आधुनिक शुश्रूषालय उभे केले. वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मन, नाती आणि श्रद्धा यांचेही दुःख मिसळलेले असते, हा त्यांचा विचार होता. १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांनी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केले. देशातील असे ते पहिले शुश्रूषालय. १९९७ मध्ये पुण्याजवळ वारजे येथे सिप्लाचे केंद्र आले. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिनसारखे वेदनाशामक रुग्णालयांनाही मिळेनासे झाले होते. त्यात दुरुस्ती झाली ती २०१४ मध्ये. सुमारे तीन दशके कायद्याच्या भीतीपोटी कित्येक मरणे वेदनेत झाली, आणि त्यांची नोंद कोणत्याही इतिहासात नाही.

आता आमच्या भागाकडे वळू. भारतातील ग्रामीण कर्करोगाची पहिली नोंदवही १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावागावांत जाऊन कार्यकर्ते नोंदी घेऊ लागले. खेड्यातील स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आणि उशिरा निदान झाल्याने मरतात, हे त्यातून आकड्यांत दिसले. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन एक चाचणी झाली. विषाणूची एकदाच केलेली तपासणी या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, हा तिचा निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला. ज्या गटातील स्त्रियांची तपासणी केली गेली नाही, त्यांच्याविषयी पुढे नैतिक प्रश्नही विचारले गेले, आणि ते रास्तच होते. जगाला मिळालेल्या ज्ञानात आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील बायांचा वाटा आहे, हे मात्र आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

बीड जिल्ह्याच्या इतिहासात या रोगाच्या नावाचे एक वेगळेच पान आहे. २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात झालेल्या पाहणीत, जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीचा त्रास, पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेल्याचे त्यांनी सांगितले. ज्यांना कर्करोग झालाच नव्हता, त्यांच्या देहातून त्या शब्दाने एक अवयव नेला. या बायांची कंबर दुखते, अकाली पाळी गेल्याने हाडे ठिसूळ होतात, आणि कोयता मात्र सुटत नाही. त्यांच्या पुनर्वसनाला कोणते विशेषण लावावे, हे आम्हांला सुचत नाही.

२०१२ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यापासून गेवराईच्या रुग्णाला प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. एसटीने तो त्याच दिवशी परत येऊ शकतो. ही फार मोठी सोय आहे. तरीही उपचार संपवून आलेल्या रुग्णाला गावात व्यायाम शिकवणारे, त्याच्याशी मोकळेपणाने बोलणारे कोणी सहसा भेटत नाही.

आमच्या परिचयातील एक बाई स्तनाची शस्त्रक्रिया होऊन परतल्या, तेव्हा घरच्यांनी काळजीपोटी त्यांना काही करू दिले नाही. पाण्याचा हंडा नाही, कणीक मळणे नाही, पहिले काही महिने तर वेणीही सुनेने घातली. हात आखडत गेला. रुग्णालयातून मिळालेला व्यायामाचा कागद इंग्रजीत होता आणि तो फाइलमध्ये तसाच राहिला. तो आम्ही मराठीत उतरवून दिला : भिंतीला तोंड करून उभे राहावे, बोटांनी भिंत चढावी, जेथे थांबाल तेथे खडूने खूण करावी. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पुढे कितीतरी खुणा झाल्या, एकावर एक, नातवाची उंची मोजतात तशा. एके दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने वेणी घातली आणि दाखवावयास आल्या.

मराठी शिकवणाऱ्यांनी या विषयात काय करावे, असा प्रश्न आम्हांला विचारला गेला आहे. आमचे उत्तर त्या कागदाइतकेच लहान आहे. रुग्णाला कळेल अशा मराठीत लिहून द्यावे. 'झुंज' आणि 'पराभव' हे शब्द जपून वापरावेत. पूरक आणि पर्यायी यांतील रेषा वर्गात समजावून सांगावी, कारण आज समोर बसलेला विद्यार्थी उद्या घरात निर्णय घेणारा असतो. गाव वसवताना रस्ते शासन आखते, पण तेथे शेजार निर्माण करणे हे शेजाऱ्यांचेच काम असते. देहाच्या बाबतीतही शल्यविशारदाचे काम जेथे संपते, तेथून पुढचे बरेचसे काम आपल्यासारख्यांच्या वाट्याला येते.