नभोवाणीचा इतिहास आणि श्राव्य संहिता

मराठी वाङ्मयेतिहासाने छापील संहितेलाच प्रमाण मानले. परिणामी, २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाल्यापासून जे लेखन केवळ कानासाठी झाले, त्याची दखल या इतिहासात तुरळकच आढळते. माध्यमाचे स्वरूपही याला कारणीभूत आहे. आरंभीचे प्रक्षेपण बहुधा प्रत्यक्षच होई. पुढे ध्वनिफिती आल्या, पण त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. जे विकण्याजोगे होते ते टिकले, जे केवळ ऐकवले गेले ते विरून गेले.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे उदाहरण येथे बोलके आहे. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३०नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तिची ध्वनिमुद्रिका निघाली. ‘शीळ’ हा संग्रह मात्र १९५४ साली आला. संग्रहरूपाने वाचकाहाती येण्याआधी सुमारे दोन दशके ही कविता श्रोत्यांची होती. तिच्या अभिरुचीचा इतिहास केवळ संग्रहाच्या आधारे कसा लिहिता येईल?

‘गीतरामायणा’बाबत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १ एप्रिल १९५५पासून पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झालेली ही छप्पन्न गीते तेव्हा अनेक गायक-गायिकांनी गायिली होती. नंतरच्या जनमानसात ती स्थिरावली सुधीर फडके यांच्या एकट्याच्या स्वरात. शब्दसंहिता तीच, श्राव्य कृती मात्र दोन. पुस्तक उघडणाऱ्या समीक्षकाला या दोहोंपैकी एकही गवसत नाही.

श्रोत्याच्या इतिहासातही असाच एक अंतराय आहे. युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ साली पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांच्या या प्रयोगाचा माथुर व नॉयराथ यांनी लिहिलेला वृत्तांत १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्यात बुलढाणा नाही. कारण १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि प्रांताचे मराठी प्रक्षेपण नागपूर केंद्राकडे, म्हणजे १९४८ साली सुरू झालेल्या केंद्राकडे होते. या वृत्तांतावरून ‘मराठी ग्रामीण श्रोता’ अशी कोटी बांधली, तर वऱ्हाड तिच्या बाहेरच राहते.

म्हणूनच अभ्यासाची साधने एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. ‘इंडियन लिसनर’सारख्या कार्यक्रमपत्रिकेतून योजना कळते, योजिलेले प्रत्यक्ष ऐकवले गेलेच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. हस्तलिखित संहितेतून शब्द मिळतात, उच्चार मिळत नाही. ध्वनिमुद्रणातून उच्चार मिळतो, पण ऐकणाऱ्याची जागा रिकामीच राहते. ती भरण्यास श्रोत्यांच्या आठवणींवाचून दुसरे साधन नाही. स्मृती तारखांबाबत अविश्वसनीय असते. परंतु संच कोणाच्या घरी होता, भोवती कोण बसे, दाराबाहेर कोण उभे राहे, हे तीच सांगू शकते.

मेहकर, चिखली, खामगाव येथील वृद्ध श्रोते हे या इतिहासाचे हयात दप्तर आहे. संहिता संग्रहालयात वाट पाहू शकतात. हे दप्तर पाहू शकत नाही. पदव्युत्तर प्रबंधिकांचे विषय ठरवताना मराठी विभागांनी हा अग्रक्रम ध्यानी घेणे अगत्याचे आहे.