एक काडतूस, दोन हत्यारे

ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा शर्टांचा कारखानदार. अमेरिकेत शर्ट विकता विकता हा गृहस्थ बंदुकांकडे वळला आणि १८७३ साली त्याच्या कंपनीने एक रायफल काढली. चापाभोवतीची कडी खाली ढकलून वर ओढली, की रिकामी पुंगळी बाहेर, नवे काडतूस आत. खट्-खटाक! आमच्या कॅशियरने शिक्का मारावा तसे.

पण कॉमर्सवाल्याला भुरळ पडते ती पुढच्या गोष्टीची. १८७८ च्या सुमारास कोल्ट कंपनीने त्याच ४४-४० काडतुसाचे रिव्हॉल्व्हर आणले. कमरेचे आणि खांद्यावरचे, दोन्ही हत्यारांना काडतूस एकच. जॉइंट अकाउंटच म्हणा ना! दुकान कोसांवर असलेल्या माळरानात भलतेच काडतूस हाती येणे म्हणजे खातेच बंद. ताकद बेताची, पण हिशेब सोपा. सात लाखांवर रायफली खपल्या.

लष्कराचा कारभार मात्र सरकारी. घोडदळाला एका वेळी एकच गोळी घेणारी कार्बाइन, आणि रिव्हॉल्व्हरला काडतूस निराळे! १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या काठी कस्टरच्या सैनिकांसमोर आलेल्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांपैकी कित्येकांच्या हाती विंचेस्टर होती. कस्टरसकट त्याची तुकडी कापली गेली. पराभवाची कारणे अनेक सांगतात. खरेदीच्या कागदावर सही करणारे साहेब तिथे नव्हते, एवढे मात्र नक्की.