मोटार का जळते, तार का तापते? वीजप्रवाह, रोध आणि शक्तीचे साधे गणित

धुळे, प्रतिनिधी : उन्हाळ्यात केळीला पाणी देण्याची घाई असते आणि नेमक्या त्याच दिवसांत ‘दाब कमी होता, म्हणून मोटार जळाली’ हे वाक्य खानदेशात सर्रास कानावर पडते. ऐकणाऱ्याला त्यात विसंगती वाटते. दाब कमी म्हणजे वीज कमी. मग मोटार तापलीच कशी? या प्रश्नाचे उत्तर प्रवाह, रोध आणि शक्ती या तीन संकल्पनांत आहे. शहरातील घरात प्लग वितळणे आणि धुळ्यालगत ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र असणे, या दोन्हींचे कारणही तेच आहे.

प्रवाह, दाब आणि रोध

धातूच्या तारेत इलेक्ट्रॉन मुक्तपणे फिरू शकतात. ते एका दिशेने सरकू लागले की विद्युतप्रवाह सुरू होतो. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. एक अँपिअर म्हणजे तारेच्या छेदातून दर सेकंदाला सुमारे ६२४ कोटी कोटी गुणिले शंभर, म्हणजे एकावर अठरा शून्ये दिल्यानंतर होणाऱ्या संख्येच्या सहा पटींहून अधिक इलेक्ट्रॉन जाणे. त्यांना ढकलणारा जोर म्हणजे विद्युतदाब. त्याचे एकक व्होल्ट. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, तर कृषिपंपाचा थ्री फेज पुरवठा ४१५ व्होल्टचा असतो.

इलेक्ट्रॉनच्या वाटेतील अडथळा म्हणजे रोध. त्याचे एकक ओहम. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये या तिघांचा संबंध मांडला : दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. दोन हजार वॉटच्या गिझरमधील तारेचा रोध सुमारे २६ ओहम असतो. २३० व्होल्टवर त्यातून ८.७ अँपिअर प्रवाह जातो.

तार जितकी लांब तितका रोध अधिक, आणि जितकी जाड तितका कमी. धातूवरही तो ठरतो. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट आहे. तरीही हलके आणि स्वस्त असल्याने खांबांवरील तारा ॲल्युमिनियमच्याच असतात. इस्त्री-शेगडीतील नायक्रोमचा रोध मात्र तांब्याच्या साठ पटींहून अधिक असतो. धातू तापला की रोध वाढतो. २० अंशांवरची ॲल्युमिनियमची तार खानदेशातील मे महिन्याच्या उन्हाने आणि स्वतःतील प्रवाहाने ७० अंशांवर गेली, तर तिचा रोध सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो. ऐन गरजेच्या दिवसांत पुरवठ्याचा दाब घसरण्यास हेही एक कारण असते.

शक्ती आणि युनिट

दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे विद्युतशक्ती, अर्थात वॉट. शक्ती म्हणजे काम होण्याचा वेग. बिल मात्र एकूण वापरलेल्या ऊर्जेचे येते. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. दोन हजार वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. तेवढ्याच विजेवर ७५ वॉटचा पंखा तेरा तासांहून अधिक, तर ९ वॉटचा एलईडी दिवा १११ तास चालतो.

पाच अश्वशक्तीचा पंप ३,७३० वॉट इतके यांत्रिक काम करतो. मोटारीची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास ती सुमारे ४.४ किलोवॉट वीज ओढते. आठ तासांत ३५ युनिट होतात.

उष्णतेचा ‘वर्गाचा नियम’

प्रवाह रोधातून जाताना उष्णता निर्माण होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या सुमारास दाखवून दिले, की ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. विजेच्या व्यवहारातील बहुतेक नुकसान आणि बहुतेक आगी याच नियमातून समजतात.

आता मोटारीचा प्रश्न घेऊ. दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला तर गिझरमधील प्रवाहही कमी होतो आणि २,००० वॉटऐवजी सुमारे १,२०० वॉटच उष्णता मिळते. पाणी उशिरा तापते, इतकेच. मोटारीचे तसे नाही. तिला ठरावीक खोलीवरचे पाणी उचलायचेच असते. दाब घटला तरी भार तोच राहिल्याने ती अधिक प्रवाह ओढते. ४१५ व्होल्टवर ७.५ अँपिअर घेणारी मोटार ३४० व्होल्टवर ढोबळमानाने ९ अँपिअरच्या पुढे जाते. प्रवाहातील ही वाढ बावीस टक्क्यांची, पण वेटोळ्यातील उष्णता वर्गाच्या नियमाने जवळजवळ दीडपट होते. तांब्याच्या तारेवरील आवरण वितळते आणि मोटार जळते. तीनपैकी एक फेज गेल्यास उरलेल्या फेजवर असाच ताण येतो.

डीपी ते शेत

शेतकरी ज्याला डीपी म्हणतात त्या रोहित्रापासून शेतापर्यंत लघुदाबाची तार जाते. ६३ केव्हीएच्या रोहित्रातून पूर्ण भाराला सुमारे ८८ अँपिअर प्रवाह बाहेर पडतो. तार लांब असेल, त्यातच आकडे टाकून जादा पंप चालवले जात असतील, तर तारेतच दाब खर्ची पडतो आणि शेवटच्या शेतकऱ्याला सर्वांत कमी दाब मिळतो. आकडा टाकणाऱ्याची वीज अशी शेजाऱ्याच्या मोटारीवर उतरते.

हीच शक्ती ११ हजार व्होल्टने नेली तर प्रवाह अवघा ३.३ अँपिअर राहतो आणि त्याच तारेतील उष्णतारूपी हानी सुमारे सातशे पटींनी घटते. महावितरणने २०१८ मध्ये कृषिपंपांसाठी हाती घेतलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीमागे हेच गणित होते. उच्चदाबाची तार थेट शेताजवळ न्यायची आणि लहान रोहित्रावर एक किंवा दोनच पंप ठेवायचे, असे तिचे स्वरूप आहे.

धुळ्याजवळ साडेसात लाखांहून अधिक व्होल्ट

हाच विचार मोठ्या प्रमाणावर पाहायचा तर धुळे जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगर येथे ५०० मेगावॉटचे दोन औष्णिक संच आहेत. २०१० च्या दशकात धुळ्याजवळ ७६५/४०० किलोव्होल्टचे उपकेंद्र झाले. तेथून एक वाहिनी छत्रपती संभाजीनगरकडे, तर दुसरी गुजरातमधील वडोदऱ्याकडे जाते.

एक हजार मेगावॉट वीज ४०० किलोव्होल्टने न्यायची तर सुमारे १,४४० अँपिअर प्रवाह लागतो. ७६५ किलोव्होल्टवर सुमारे ७५५ अँपिअर पुरतो. तार तीच धरली तर पहिल्या मार्गातील हानी साडेतीन पटींहून अधिक भरते. ११ किलोव्होल्टने न्यायचे ठरवले तर प्रवाह बावन्न हजार अँपिअरवर जाईल. तो पेलणारी तार खांबांवर टांगताच येणार नाही. महामार्गावरून दिसणारे उंच मनोरे असे तारेतील उष्णतेशी जोडलेले आहेत.

घरातील सैल जोड

घरातील तारांचा रोध नगण्य असतो. सैल स्क्रू किंवा काजळी धरलेली पिन मात्र एखाद्या बिंदूवर अर्धा ओहम रोध निर्माण करू शकते. एसी आणि गिझर एकाच बोर्डावर चालवून तेथून १५ अँपिअर प्रवाह गेला, तर त्या बोटाएवढ्या जागेत ११० वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते. प्लग तपकिरी पडणे, सॉकेट गरम लागणे, जळका वास येणे ही त्याची पूर्वसूचना असते. अशा वेळी मोठा फ्यूज टाकणे हा उपाय नव्हे. प्रवाह मर्यादेतच असल्याने सैल जोड तापत असताना फ्यूज उडत नाही. आणि फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली, तर मर्यादेपलीकडचा प्रवाहही अडत नाही. मग तापते ती भिंतीतील वायर.

मानवी शरीराचा रोध त्वचा कोरडी असताना बराच असतो, ओल्या अंगाने तो हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्टला हजाराने भागले की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवण्यास याच्या निम्माही प्रवाह पुरेसा ठरू शकतो. पाच अँपिअरचा फ्यूज याची दखलही घेत नाही, कारण तो तारेच्या रक्षणासाठी असतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग लागते.

हे ध्यानात ठेवा

* पंपाला योग्य क्षमतेचा ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रतिबंधक बसवावा. तो वगळून मोटार चालवू नये.
* स्टार्टरवरील व्होल्टमीटर पाहून, दाब फार उतरलेला असल्यास पंप बंद ठेवावा.
* गिझर, एसी यांना स्वतंत्र वायर व १६ अँपिअरचे सॉकेट असावे.
* गरम लागणारा प्लग त्याच दिवशी बदलावा.
* ओल्या हाताने स्टार्टर, बटण किंवा कूलरला हात लावू नये. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढावा.