तुमचं मांजर पक्षी मारून आणतंय? त्याला ओरडू नका, आधी हे वाचा

सकाळी दार उघडलं की पायपुसण्यावर एक मेलेला बुलबुल. परवा खारीचं पिल्लू, त्याआधी सरडा. आणि शेजारी शेपूट गुंडाळून बसलेलं तुमचं मांजर, चेहऱ्यावर काही घडलंच नसल्याचा भाव. घरात मांजर असेल आणि त्याला बाहेर फिरायची मोकळीक असेल, तर हे दृश्य नवीन नाही.

अशा वेळी घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, "मांजराची जातच ती, चालायचंच." दुसरा म्हणतो, "पोत्यात घाला आणि लांब सोडून या." दोन्ही चुकीचं आहे. मांजर बदलत नाही हे खरं, पण त्याची शिकार बरीच कमी करता येते. त्यासाठी मांजराला शिक्षा करायची नसते, आपल्या काही सवयी बदलायच्या असतात. देवनारसारख्या, खाडीच्या काठावर वसलेल्या भागात तर हे समजून घेणं जास्तच गरजेचं आहे.

पोट भरलेलं असतानाही मांजर शिकार का करतं?

कारण मांजराच्या बाबतीत भूक आणि शिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांजराची शिकार छोटी असते. एका उंदरावर किंवा एका पक्ष्यावर दिवस निघत नाही. त्यामुळे भूक लागेपर्यंत थांबून चालत नाही. समोर काही हललं, फडफडलं, की दबा धरायचा आणि झेप घ्यायची, हे त्याच्या अंगातच भिनलेलं आहे. म्हणून वाटीत जेवण तसंच ठेवून मांजर खिडकीतल्या चिमणीवर डोळा ठेवतं.

मेलेला पक्षी घरी आणणं म्हणजे तुम्हाला "गिफ्ट" देणं, असं सांगणारी रील्स भरपूर आहेत. त्यापेक्षा सरळ कारण असं, की घर ही मांजराची सुरक्षित जागा आहे आणि पकडलेली शिकार ते तिथे घेऊन येतं. त्यावर ओरडून, मारून किंवा मेलेला पक्षी नाकासमोर धरून मांजर काहीही शिकत नाही. फार तर तुम्हाला घाबरायला शिकतं.

एका मांजराने असा काय फरक पडणार?

घरी दिसते ती शिकार पूर्ण नसते, हा यातला पहिला मुद्दा. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४४ टक्के मांजरं शिकार करताना दिसली. त्यांनी पकडलेल्या शिकारीपैकी घरी आली ती फक्त २३ टक्के. बाकीची तिथेच खाल्ली किंवा टाकून दिली. म्हणजे दारात एक बुलबुल दिसला, तर न दिसलेले आणखी काही असू शकतात.

दुसरा मुद्दा संख्येचा. त्याच वर्षी 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार, मोकळी फिरणारी मांजरं एकट्या अमेरिकेत वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. यातला मोठा वाटा कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या मांजरांचा आहे.

आणि तिसरा मुद्दा, छोट्या जागेत हा फटका किती मोठा असू शकतो याचा. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमाराला दीपगृहासाठी माणसं राहायला आली आणि त्यांच्यासोबत मांजरही आलं. तिथे जवळजवळ न उडणारा एक छोटासा रेन पक्षी होता. काही वर्षांतच तो जगातून नाहीसा झाला. एकाच मांजराने सगळे पक्षी संपवले अशी कथा सांगितली जाते. प्रत्यक्षात बेटावर वाढलेल्या मांजरांच्या पिढ्यांनी ते केलं.

आता मुंबई म्हणजे काही बेटावरचं जंगल नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण शहरातली हिरवळ तुकड्यातुकड्यांनी उरली आहे. चारी बाजूंनी इमारती आणि मधे दहा-बारा झाडं. तिथल्या पक्ष्यांसाठी तो तुकडा म्हणजे बेटच असतं.

देवनारचं काय वेगळं आहे?

नकाशा उघडून बघा. एका बाजूला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे झाडांनी भरलेले परिसर, जुन्या वसाहती, सोसायट्यांच्या बागा. दुसऱ्या बाजूला १९२७ पासून सुरू असलेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड, आणि त्याला लागून तिवरं आणि ठाण्याची खाडी. याच खाडीतला वाशी ते ऐरोली पुलांच्या दरम्यानचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

कचरा आहे तिथे उंदीर-घुशी आहेत. उरलंसुरलं अन्न आहे तिथे मांजरं आहेत. आणि या सगळ्याला खेटून पक्ष्यांचं घर आहे.

एक गैरसमज दूर करू. तुमचं मांजर फ्लेमिंगो मारणार नाही. फ्लेमिंगो उंच असतो, थव्याने राहतो आणि चिखलात, पाण्यात असतो. मांजराच्या तावडीत सापडतात ते छोटे आणि जमिनीजवळ वावरणारे जीव. झुडपात पानं शिवून घरटं करणारा शिंपी, जमिनीवर किडे टिपणारा दयाळ, बुलबुल, चिमण्या, खारी, सरडे, पाली, बेडूक. खाडीच्या बाजूला गवतात फिरणारी पाणकोंबडी आणि उघड्या जमिनीवरच अंडी घालणारी टिटवी. यांचे फोटो फ्लेमिंगोसारखे व्हायरल होत नाहीत, पण तुमच्या खिडकीबाहेरचा सकाळचा आवाज त्यांचाच असतो.

सगळ्यात धोक्याचा काळ उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा. यातल्या बऱ्याच पक्ष्यांची वीण याच महिन्यांत होते. घरट्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू काही दिवस नीट उडू शकत नाही. ते झुडपाखाली टुणटुण उड्या मारत असतं आणि आईबाप त्याला भरवत असतात. मांजरासाठी ही सगळ्यात सोपी शिकार.

पण मांजरांमुळे उंदीर तर कमी होतात ना?

मांजराच्या बाजूने हमखास दिला जाणारा हा युक्तिवाद. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात, कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका केंद्रात तो तपासून पाहिला गेला. तिथे उंदरांची मोठी वस्ती होती आणि भटकी मांजरंही होती. संशोधकांनी ७९ दिवसांचं कॅमेरा चित्रण तपासलं. २०१८ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, या काळात मांजरांनी मोठे उंदीर मारल्याच्या घटना होत्या फक्त दोन. उंदीर कमी झाले नाहीत, ते लपून राहायला शिकले.

कारण साधं आहे. वाढलेला उंदीर किंवा घूस चावते, झुंज देते. मांजराला त्यापेक्षा छोटा पक्षी, सरडा किंवा उंदराचं पिल्लू परवडतं. उंदरांवर खरा उपाय म्हणजे झाकलेला कचरा आणि बुजवलेली बिळं. शिवाय विष खाऊन मरायला टेकलेला उंदीर मांजराने खाल्ला, तर मांजराचाही जीव जाऊ शकतो.

मग करायचं काय?

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने २१९ घरांतल्या ३५५ शिकारी मांजरांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजराला पूर्णपणे कोंडून न ठेवता काय करता येतं, याची उत्तरं त्यात आहेत.

१. खेळा. रोज ५ ते १० मिनिटं. दोरीला बांधलेलं पीस किंवा कापडी उंदीर फिरवायचा, मांजराला दबा धरू द्यायचा, झेप घेऊ द्यायची आणि शेवटी पकडूही द्यायचं. एवढ्यानेच घरी येणारी शिकार २५ टक्क्यांनी कमी झाली.

२. जेवण सुधारा. मांसातून मिळणारी प्रथिनं भरपूर असलेलं, धान्य नसलेलं खाद्य दिल्यावर शिकार ३६ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे मांजराला दूधभात घालायची पद्धत आहे. पण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. भाताने पोट भरतं, गरज भागत नाही. मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचतही नाही. महागडं पाकीटबंद खाद्य परवडत नसेल, तर उकडलेलं चिकन आणि मासे यांचा मेळ कसा घालायचा, हे पशुवैद्यांना विचारा.

३. रंगीत कॉलर. गळपट्ट्यावर बसणारी भडक रंगांची कापडी पट्टी पक्ष्यांना लांबूनच दिसते. तिच्यामुळे पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी कमी झाली. पट्टा मात्र ताण पडताच सुटणाराच घ्या, नाहीतर तो ग्रिलमध्ये किंवा फांदीत अडकून मांजराला फास बसू शकतो.

४. घंटीवर विसंबू नका. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला जातोय, पण या अभ्यासात घंटी बांधून ठोस फरक दिसला नाही.

५. वेळ पाळा. पहाट आणि संध्याकाळ या शिकारीच्या वेळा. संध्याकाळपासून सकाळी चांगलं उजाडेपर्यंत मांजर घरात ठेवा. विणीच्या महिन्यांत शक्यतो दिवसभर.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय? मांजर घरातच पाळणं. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये ते वाटतं तितकं कठीण नाही. कबुतरांसाठी लावतात ती जाळी खिडकीला आणि बाल्कनीला नीट ताणून बसवली, आत चढायला फळ्या आणि नखं घासायला सुतळी गुंडाळलेला खांब दिला, की बहुतेक मांजरं काही आठवड्यांत रुळतात. यात मांजराचाही फायदा आहे. गाड्या, भटके कुत्रे, मारामाऱ्या, विषारी साप आणि उंचावरून पडणं, हे सगळे धोके टळतात.

मांजर कुणाचंच नसेल तर?

देवनारच्या गल्ल्यांमध्ये खरा प्रश्न इथे आहे. बहुतेक मांजरं कुणा एकाची नसतात. तळमजल्यावरच्या काकू दूध घालतात, दुसऱ्या विंगमधली मुलगी खाऊ देते, झोपायला पार्किंग.

इथे पहिला उपाय नसबंदी. मांजरीचा गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि ती वर्षात दोन-तीनदा विऊ शकते. मुंबई महापालिका स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने भटक्या मांजरांची नसबंदी करते. चौकशीसाठी पालिकेची १९१६ ही हेल्पलाइन आहे. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचं टोक किंचित कापलेलं असतं. नसबंदीने शिकार लगेच थांबत नाही, पण पुढच्या पिढ्या थांबतात. त्याच वेळी रेबीजची लसही द्यायला सांगा.

खायला घालत असाल तर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी घाला आणि वीस मिनिटांनी भांडी उचला. उरलेलं अन्न उंदीर आणि कावळ्यांना बोलावतं. जागा निवडताना घरटी असलेली झुडपं आणि पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी यांच्यापासून लांबची निवडा. पक्ष्यांची पाण्याची भांडीही जमिनीवर न ठेवता उंचावर टांगा.

मांजराने जिवंत पक्षी आणला तर?

मांजराला आधी दुसऱ्या खोलीत बंद करा. पक्ष्याला सुती कापडात अलगद उचलून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नका.

जखम दिसत नसली तरी "बरा आहे" म्हणून लगेच सोडून देऊ नका. मांजराच्या लाळेतले जिवाणू दाताच्या सूक्ष्म जखमेतून शिरले, तर पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याला वेळेत औषध लागतं. जवळचे पशुवैद्य किंवा परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठा, नाहीतर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. वन्य पक्षी घरी पाळायला ठेवणं कायद्यात बसत नाही.

पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू बागेत दिसलं आणि ते जखमी नसेल, तर त्याला उचलून आणू नका. त्याचे आईबाप जवळच असतात. त्यापेक्षा चार-पाच दिवस मांजर घरात ठेवा.

हे मात्र करू नका

मांजराला विष घालणं किंवा मारणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाळलेलं मांजर वाऱ्यावर सोडून देणं हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मांजर पोत्यात घालून खाडीच्या कडेला सोडून आल्याने नेमकं काय होतं? सोसायटीतला एक बुलबुल वाचतो. पण ज्या मांजराला रोज वाटीत जेवण मिळत होतं, ते आता टिटवीच्या आणि पाणकोंबडीच्या पिल्लांवर जगायचा प्रयत्न करतं. नाही जमलं तर भुकेने मरतं. प्रश्न सुटत नाही, तो तिवरांपर्यंत पोहोचतो.

त्यामुळे पुढच्या वेळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेलेल्या पक्ष्याचा फोटो आला आणि "मांजरप्रेमी विरुद्ध पक्षीप्रेमी" असा सामना रंगला, तर दोन्ही बाजूंना तीन प्रश्न विचारा. नसबंदी झाली का? रात्री मांजर कुठे असतं? आणि त्याच्याशी आज कोण खेळलं?