शिकारी माश्या, लहान (सातारा-सांगली)
द्विपंखी गणातील, अन्य कीटकांवर उपजीविका करणाऱ्या माश्या. कासच्या कातळावर अगर कृष्णाकाठच्या उसाच्या फडात त्यांची ओळख पटविताना प्रथम पंखांची एकच जोडी पाहावी, कारण गांधीलमाशीचे सोंग घेणाऱ्या माश्या पुष्कळ आहेत. ॲसिलिडी कुलातील माशीचा दोन डोळ्यांमधील माथा खोलगट, तोंडावर राठ केसांची मिशी व सोंड टोकदार असून, ती उघड्या काडीवर दबा धरते, उडते भक्ष्य हवेतच पकडून त्यात लाळ टोचते आणि निश्चेष्ट झालेल्या त्या जीवाचा द्रवरूप झालेला अंतर्भाग शोषून घेते. डॉलिकोपोडिडी कुलातील माशी लांब पायांची, बहुधा १ सेंमी.हून लहान व धातूसारखी हिरवी असते. सिर्फिडी कुलाचा मामला मात्र फसवा : फुलांपुढे अधांतरी तरंगणारी प्रौढ माशी निरुपद्रवी, शिकारी असते ती तिच्या अनेक जातींतील बिनपायांची अळी, जिला कीड समजून औषध फवारणे हा निव्वळ अविचार होय. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा प्रकटला, तेव्हा त्याच्या शत्रूंत डायफा पतंगाच्या अळीबरोबर या कुलातील युपिओडस कॉन्फ्रेटर हिचीही गणना झाली. छायाचित्रावरून कुलापर्यंत मजल जाते. जाती ठरविण्यास पुष्कळदा नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात.