फाटक केव्हा लावावे?

सन १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने जूनमध्ये मुंबई गाठली. सप्टेंबरात ती पुन्हा उसळली. ६ ऑक्टोबरला एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

त्याच सुमारास अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने व ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयाने बाहेरची ये-जा आवरली. पुढे संशोधकांनी साथीतून बचावलेली जी मोजकी ठिकाणे नोंदवली, त्यांत या दोन्ही संस्था आहेत. यात नशिबाचाही भाग असेल. परंतु वेळेवर घेतलेल्या निर्णयाचे मोल कमी होत नाही.

पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने एका शाळकरी मुलीचा अंत झाला. देशातील तो पहिला बळी. शाळा-महाविद्यालये बंद झाली ती त्यानंतर.

साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि आपण तेथे असू तर पळ काढू नये, ही हजरत पैगंबर (स.) यांची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. तिचा दुसरा भाग वसतिगृहाला विशेष लागू पडतो. घाबरून गावी निघालेला विद्यार्थी घरच्या वृद्धांपर्यंत रोग नेऊ शकतो. म्हणून आजाऱ्यांसाठी वेगळी खोली, त्यांच्या जेवणाची व डॉक्टरांची सोय आणि बुडालेल्या अभ्यासाची तजवीज साथीपूर्वीच ठरलेली असावी. पालकांनीही ताप असलेल्या मुलाला केवळ हजेरीसाठी वर्गात पाठवू नये. एवढे शहाणपण १९१८ ने आपल्याला फार महाग दिले आहे.