मन्स्टरचा २००५-०६ चा हंगाम आणि त्यामागची दहा वर्षे

आजचा धागा एका चषकाविषयी आहे, परंतु तो खेळाडूंच्या बाजूने नव्हे, प्रेक्षकांच्या बाजूने लिहिला आहे.

२० मे २००६. वेल्समधील कार्डिफचे मिलेनियम स्टेडियम. युरोपातील क्लब रग्बीची सर्वोच्च स्पर्धा असलेल्या हायनेकेन कपचा अंतिम सामना, फ्रान्सचा बियारिट्झ विरुद्ध आयर्लंडचा मन्स्टर. प्रेक्षक ७४,५३४, आणि त्यांतील बहुसंख्य मन्स्टरच्या लाल रंगात. समुद्र ओलांडून एवढी माणसे आली तरी कशी? आणि ज्या संघासाठी आली, तो दहा वर्षांपूर्वी नियमित हंगाम असलेला संघसुद्धा नव्हता, हे कळल्यावर प्रश्न अधिकच गहन होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मन्स्टर हा आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील प्रांत. कॉर्क, केरी, लिमरिक, क्लेअर, टिपरेरी आणि वॉटरफर्ड अशा सहा परगण्यांचा. रग्बी युनियन म्हणजे प्रत्येकी १५ खेळाडूंचा, लंबगोल चेंडूचा खेळ. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ‘ट्राय’, आज त्याचे ५ गुण, त्यानंतरच्या लाथेचे, म्हणजे कन्व्हर्जनचे २, पेनल्टीचे ३. पुढचे समजण्यास एवढे पुरे.

आयर्लंडमध्ये रग्बी हा सामान्यतः सुस्थितीतल्या वर्गाचा, महागड्या खासगी शाळांचा खेळ. डब्लिनमध्ये तसेच, कॉर्कमध्येही बव्हंशी तसेच. अपवाद लिमरिकचा. तेथे गोदीत राबणारे, डुकराच्या मांसाच्या कारखान्यांत काम करणारे लोक रग्बी खेळत. गॅरीओवेन, शानन, यंग मन्स्टर हे तेथील क्लब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झाले आणि त्यांची मुळे विशिष्ट वस्त्यांत, चर्चच्या परिसरांत रुजली. कोणत्या क्लबचे व्हायचे हे माणूस निवडत नसे. ते जन्माबरोबर येई. दुसरीकडे, गेलिक खेळांची राष्ट्रीय संघटना आपल्या सदस्यांना ‘परकीय’ खेळ खेळण्यास, एवढेच नव्हे तर पाहण्यासही बंदी करीत असे. ही बंदी १९७१ मध्ये उठली. म्हणजे त्याआधी लिमरिकमध्ये रग्बीचा सामना पाहायला जाणे ही काहींच्या दृष्टीने एक भूमिका घेणेच होते.

या काळात निष्ठा असे ती क्लबवर. मन्स्टरचा प्रांतिक संघ वर्षातून मोजकेच सामने खेळे: इतर प्रांतांशी काही, आणि परदेशी संघ दौऱ्यावर आला तर त्याच्याशी एखादा. अशाच एका सामन्यात, ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी, लिमरिकच्या थॉमंड पार्कवर मन्स्टरने न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ना १२-० असे हरवले. तोवर कोणत्याही आयरिश संघाला हे जमले नव्हते. प्रेक्षक १२ हजारांच्या आसपास होते. पुढे ‘मी तेथे होतो’ म्हणणारे लाखभर निघाले, असा विनोद आयर्लंडमध्ये आजही केला जातो. स्मृतीचा इतिहास अभ्यासणाऱ्याला हा विनोद फार उपयोगाचा आहे. जो दिवस आपल्या वाट्याला आला नाही, तोही माणूस आपलासा करून घेतो. पण लक्षात घ्या, त्या विजयानंतरही मन्स्टर हा ‘दर शनिवारचा’ संघ झाला नाही. दुसऱ्या आठवड्यात लोक पुन्हा आपापल्या क्लबच्या मैदानावर गेले.

बदल घडवला तो १९९५ ने. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जागतिक रग्बी मंडळाने हौशीपणाची अट काढून टाकली. खेळाडूंना उघडपणे पैसे देता येऊ लागले. त्याच हिवाळ्यात हायनेकेन कप सुरू झाला. (फ्रान्समध्ये मद्याच्या जाहिरातींवर कडक निर्बंध, त्यामुळे तेथे तो नुसता ‘एच कप’!) आयर्लंडने आपल्या क्लबांऐवजी प्रांतांना या स्पर्धेत उतरवले. माझ्या मते पुढच्या साऱ्या कथेचे मूळ या प्रशासकीय निर्णयात आहे.

मात्र निर्णयाने संघ घडतो, निष्ठा नव्हे. मन्स्टरची निष्ठा घडली ती पराभवांनी. २००० च्या अंतिम सामन्यात नॉर्थॅम्प्टनकडून ९-८ असा पराभव, एका गुणाने. रोनन ओगाराची अखेरच्या मिनिटांतली लाथ खांबांच्या बाहेरून गेली. २००१ च्या उपान्त्य सामन्यात स्ताद फ्रान्सेकडून १६-१५. पुन्हा एका गुणाने. २००२ च्या अंतिम सामन्यात लेस्टरकडून १५-९. तेथे शेवटच्या क्षणी मन्स्टरचा पीटर स्ट्रिंगर प्रतिपक्षाच्या रेषेजवळ स्क्रममध्ये चेंडू टाकत असता लेस्टरच्या नील बॅकने हाताने तो त्याच्याकडून उडवला. पंचांना ते दिसले नाही. लिमरिकमध्ये कोणाला नील बॅकविषयी विचारून पाहा, उत्तर लांबेल.

मग आला १८ जानेवारी २००३. प्रतिस्पर्धी इंग्लंडचा ग्लॉस्टर, मैदान थॉमंड पार्क. गटातून पुढे जाण्यासाठी मन्स्टरला केवळ विजय पुरेसा नव्हता; चार ट्राय हव्या होत्या आणि २७ गुणांची आघाडी. सामना संपत आला तेव्हा चौथी ट्राय झाली, पण आघाडी २५ वर अडली. आता ओगाराची कन्व्हर्जनची लाथ. थॉमंड पार्कचा एक रिवाज आहे: लाथ मारणारा आपला असो वा परका, मैदानावर पूर्ण शांतता पाळायची. त्या शांततेत चेंडू खांबांमधून गेला. ३३-६. बरोबर २७. किती गुणांचे अंतर हवे आहे हे मैदानावरील खेळाडूंनाही नीट ठाऊक नव्हते. तो हिशेब प्रेक्षकांच्या ओठांवर होता. निष्ठावंत चाहता हा अर्धा गणिती असतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी उपान्त्य सामन्यात तुलूझकडून १३-१२. २००४ मध्ये पुन्हा उपान्त्य सामन्यात वॉस्प्सकडून ३७-३२. २००५ मध्ये उपान्त्यपूर्व फेरीतच घर गाठावे लागले. हरवणारा संघ बियारिट्झ.

या पार्श्वभूमीवर २००५-०६ चा हंगाम पाहायला हवा. त्या काळी या स्पर्धेच्या गटात सहा सामने असत, ऑक्टोबर ते जानेवारी, ऐन थंडीपावसात. सुरुवातच पराभवाने झाली: इंग्लंडच्या सेलकडून २७-१३. त्यानंतर एकही सामना गमावणे परवडणारे नव्हते. डिसेंबर-जानेवारीत चाहते वारकऱ्याच्या नेमाने संघामागे फिरले, दक्षिण फ्रान्समधील कास्त्रपर्यंत. तेथे मन्स्टरने ४६-९ असा विजय मिळवला. शेवटचा सामना सेलशीच, थॉमंड पार्कवर. आणि पुन्हा तोच हिशेब: गटात पहिले यायचे तर विजयासह चार ट्रायचा बोनस गुण हवा. सेलचा धिप्पाड फ्रेंच खेळाडू सेबास्टियन शाबाल चेंडू झेलून धावू लागला, तर पॉल ओकॉनेल आणि त्याचे सहकारी त्याला उचलून मागे मागे रेटत गेले. तेव्हा उठलेला आवाज चाहते आजही आठवतात. चौथी ट्राय डेव्हिड वॉलेसने नियमित वेळ संपल्यानंतर केली. ३१-९.

पुढचे सामने डब्लिनला झाले, कारण सुमारे १३ हजारांचे थॉमंड पार्क आता अपुरे पडत होते. तेथे पेर्पिन्याँवर १९-१० असा विजय, आणि मग २३ एप्रिलला डब्लिनचाच संघ, लेन्स्टर. राजधानीच्या मैदानावर राजधानीचा संघ अल्पमतात पडला. लॅन्सडाउन रोडवर लालच रंग अधिक होता. ३०-६. मला या सामन्याचे सामाजिक मोल अंतिम सामन्याहूनही मोठे वाटते. गोदीचे शहर विरुद्ध खासगी शाळांचे शहर, अशी मांडणी काहीशी सुलभ आहे खरी (मन्स्टरमध्येही वकील-डॉक्टर होतेच), पण गॅलरीतल्या लोकांनी तो सामना तसाच पाहिला.

आणि कार्डिफ. तिसऱ्या मिनिटालाच बियारिट्झची ट्राय. मग मन्स्टरकडून ट्रेव्हर हॉलस्टेडची. त्यानंतर मध्यंतरापूर्वी स्क्रममधून चेंडू घेऊन स्ट्रिंगर कोणाला न देता स्वतःच कडेने निसटला आणि रेषा ओलांडली. तेच स्टेडियम, तोच खेळाडू, तोच स्क्रम. चार वर्षांपूर्वी ज्या हातांतून चेंडू हिरावला गेला होता, तेच हात. इतिहासात अशा जुळण्यांना फार अर्थ देऊ नये, असे आम्हाला शिकवले जाते. चाहत्यांना तसे कोणी शिकवत नाही.

उत्तरार्धात अंतर घटत २०-१९ झाले. खेळ थांबला असता स्टेडियमच्या पडद्यावर लिमरिकच्या ओकॉनेल स्ट्रीटचे दृश्य आले: ज्यांना तिकीट मिळाले नाही असे हजारो लोक रस्त्यावर उभे राहून मोठ्या पडद्यावर हाच सामना पाहत होते. खेळाडूंनी मान वर करून ते पाहिले. त्यानंतर ओगाराची पेनल्टी, २३-१९, आणि शेवटची शिट्टी. चषक कर्णधार अँथनी फोलीने स्वीकारला. १९७८ च्या त्या संघात त्याचे वडील ब्रेंडन फोली खेळले होते.

येथे धागा थांबवता आला असता, परंतु एक बाजू सहसा सांगितली जात नाही. फोली पितापुत्र शाननचे. १९९० मध्ये सुरू झालेल्या अखिल आयर्लंड लीगमध्ये लिमरिकचे क्लब सामर्थ्यवान होते; १९९३ मध्ये यंग मन्स्टरने विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांच्यामागे हजारोंचा जमाव डब्लिनला गेला होता, आणि १९९५ ते १९९८ अशी सलग चार वर्षे शाननने लीग जिंकली. ती गर्दी पुढे गेली कोठे? मन्स्टरकडे. प्रांत मोठा झाला तो क्लबांचे उत्तम खेळाडू घेऊन आणि त्यांचे शनिवार घेऊन. कार्डिफमधील लाल रंग पाहताना यंग मन्स्टरचा काळा-पिवळा आणि शाननचा काळा-निळा त्यात विरघळलेला आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

२००८ मध्ये मन्स्टरने पुन्हा चषक जिंकला. त्याच वर्षी नवे थॉमंड पार्क सुमारे २५ हजारांच्या क्षमतेचे झाले. शाननचे क्लबघर त्याच मैदानाला लागून आहे. क्लबच्या लीग सामन्यांना आता येतात ते काहीशे लोक, बहुतेक एकमेकांना नावाने ओळखणारे.